हेडमास्तरांचा पांढरा कागद

हेडमास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. ते लॅपटॉप दुरुस्त करायचे. तरी सगळा रस्ता त्यांना हेडमास्तर म्हणायचा, कारण दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची ते आधी हजेरी घ्यायचे आणि मगच मशीनला हात लावायचे. कुणी लॅपटॉप काउंटरवर ठेवला की हे महाशय लॅपटॉपकडे बघायचेच नाहीत. माणसाकडे बघायचे, पायापासून डोक्यापर्यंत. मग विचारायचे, "झोपता कुठं?"

माणूस गडबडायचा. "म्हणजे?"

"पलंगावर झोपता ना? हा लॅपटॉपही तिथंच झोपतो ना, तुमच्या शेजारी, गादीवर लोळत?"

समोरचा ओशाळून हसला की हेडमास्तरांना समाधान वाटायचं. निम्मं निदान इथंच झालं असं ते म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, ते खरंही असायचं. माणूस कामाला पक्का होता. हातात कसब होतं, नजर तयार होती. पण त्या कसबाबरोबर जो तोरा होता ना, तो बघून एखाद्याला वाटावं की लॅपटॉपचा शोध ह्यांनीच लावला आणि मग नाइलाज म्हणून तो आपल्यासारख्या नालायकांना वापरायला दिला.

लॅपटॉप पोटाकडून श्वास घेतो, हे ते रोज दहा वेळा सांगायचे. खालच्या जाळीतून गार हवा आत ओढायची, आतल्या तांब्याच्या नळीनं आणलेली उष्णता त्या हवेला द्यायची, आणि गरम हवा कडेनं बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. तो गादीवर ठेवला की जाळी बंद. वर गादीतला कापूस, चादरीचे तंतू, माणसाचे केस, सगळं आत. पंख्यापुढं त्याचा एक गठ्ठा बसतो, लोकरीच्या तुकड्यासारखा घट्ट. मग आतली उष्णता जाणार कुठं? मशीन तापतं, सावकाश चालायला लागतं, आणि शेवटी जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं.

"त्याला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल आहे," हेडमास्तर म्हणायचे. "तापलं की गप्प बसतं."

एवढ्यावर थांबले असते तरी लोकांनी ऐकून घेतलं असतं. पण त्यांचा खरा खेळ पुढं होता. मशीन ते आतल्या खोलीत नेऊन उघडायचे नाहीत. काउंटरवरच एक पांढराशुभ्र कागद अंथरायचे, गिऱ्हाइकाला समोर उभं करायचे, बाकीच्या थांबलेल्यांनाही जवळ बोलवायचे, आणि सगळ्यांसमोर स्क्रू काढायचे. पंखा सुटा केला की तो कागदावर दोनदा आपटायचे. मग जे काय पडायचं ते एका लांब चिमट्यानं अलगद वेगळं करत त्याचं वाचन करायचे. हा केस. हा बिस्किटाचा चुरा. ही नखाची कड. आणि सगळ्यात शेवटी त्या ढिगाकडं चिमट्यानं बोट दाखवावं तसं दाखवून म्हणायचे, "हे तुम्ही."

पुढच्या गल्लीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या पंख्यातून सात रंगांच्या धाग्यांचा गोळा निघाला आणि त्यात एक बारीक टिकली. "बाई, ह्याच्यात एक झबलं होईल," हेडमास्तर म्हणाले. दुकानातले चौघे खो खो हसले. बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि पुढच्या वेळी मशीन बिघडलं तेव्हा त्या दोन रस्ते ओलांडून दुसरीकडं गेल्या. हेडमास्तरांना ते कळलं. त्यांनी नाक मुरडलं. ज्याला स्वतःची घाण बघवत नाही त्यानं माझ्याकडं येऊच नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका विमा एजंटानं तर तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवला होता. गार व्हावा म्हणून. बाहेर काढल्यावर आत दव धरलं आणि कीबोर्डची अर्धी बटणं मेली. हा किस्सा हेडमास्तरांनी इतक्यांना सांगितला की एजंटाला लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, आज काय गार करायला ठेवलंय. एजंट बिचारा सोशीक. तरी त्यांच्याकडंच यायचा.

जगात अक्कल थोडी आहे आणि ती सगळी आपल्या काउंटरच्या ह्या बाजूला आहे, अशी हेडमास्तरांची पक्की समजूत होती. आणि ह्या समजुतीचा पहिला मारा, दुकान उघडायच्याही आधी, घरी व्हायचा.

त्यांची बायको घरी बसून एका हॉस्पिटलचं काम करायची. डॉक्टर तपासणीचे अहवाल बोलून ठेवायचे, ही ते ऐकून टाईप करायची. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, तिनं हे काम स्वतः शोधलं होतं. हाडांची नावं, औषधांची नावं, शिरांची नावं वहीत लिहून लिहून पाठ केली होती. एकदा एका डॉक्टरनं अहवालात वर डावा गुडघा म्हटलं आणि खाली उजवा. हिनं फोन करून विचारलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. डॉक्टरनं स्वतः तिचे आभार मानले. ती हे सांगायला स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं.

हेडमास्तर पेपर वाचत होते. "म्हणजे तुला दोन शब्द नीट ऐकू आले," ते म्हणाले.

तर ह्या बायकोच्या लॅपटॉपचा पंखा आठ महिन्यांपूर्वी खडखडायला लागला. हेडमास्तरांनी नवा पंखा आणला, त्याच्याबरोबर तांब्याची नळी आणि पट्टीही येते, आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून बसवून दिला. खडखड थांबली. आठवड्याभरात मशीन तापून बंद पडायला लागलं.

"अहो, बंद पडला," ती म्हणाली.

"कुठं ठेवला होतास?"

हा पहिला प्रश्न. दुसरा कुठलाच प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. ती म्हणाली, पलंगावर, पाच मिनिटं. झालं. त्या पाच मिनिटांनी तिची आठ महिने पाठ सोडली नाही.

तिनं पलंग सोडला. खिडकीशी टेबल घेतलं. तरी बंद. मागची बाजू उचलून ठेव, हवा खेळेल, असं हेडमास्तर म्हणाले. तिनं मागं दोन लाकडी ठोकळे लावले. तरी बंद. चार्जर लावून कशाला वापरतेस? तिनं चार्जर काढला, दर दीड तासानं काम थांबवून बॅटरी भरायला बसली. स्क्रीनवर पंचवीस खिडक्या उघडून बसत असशील. तिनं एक सोडून सगळ्या बंद केल्या. खोलीत ऊन येतं. तिनं जाड पडदा लावला आणि अंधारात डोळे फोडत टाईप करायला लागली. आणि मग एक दिवस, जेवता जेवता, हेडमास्तर म्हणाले, "तुझे केस जात असणार आत. मला रोज दिसतात ना लोकांच्या मशीनमधे, बायकांचे लांब केस पंख्याला असे गुंडाळून बसतात."

तिचे केस कमरेपर्यंत होते. दोन महिने ती डोक्याला रुमाल बांधून कामाला बसली. तिसऱ्या महिन्यात जाऊन कापून आली, मानेपर्यंत. हेडमास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, बरं केलंस, उशिरा का होईना. एवढंच म्हणाले. राग येतो सांगताना, पण खरंच एवढंच म्हणाले.

तिनं त्यांना एक गोष्ट मात्र दोनतीनदा सांगितली होती. "अहो, खालून हात लावला तर चटका बसतो, पण कडेनं जी हवा येते ना, ती गार असते."

"पंख्याची हवा गारच असते," हेडमास्तर म्हणाले. "तुझ्या घरातला पंखा काय गरम हवा देतो?"

आता हेच दुसऱ्या कुणी दुकानात येऊन सांगितलं असतं तर हेडमास्तरांचे कान टवकारले असते. चटका आतमध्ये आणि हवा गार, म्हणजे उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही, घोडं मधेच कुठंतरी पेंड खातंय, हे त्यांना झोपेतसुद्धा कळलं असतं. पण सांगणारी बायको होती. बायकोचं बोलणं ते रेडिओसारखं ऐकायचे.

रोज दुपारी एक वाजता हॉस्पिटलच्या पर्यवेक्षक बाई सगळ्या टायपिस्टना पडद्यावर बोलवायच्या. कामाची वाटणी, चुका, दुरुस्त्या. नेमकी तेव्हाच मशीनवर ओझं जास्त. हिचा चेहरा पडद्यावरून अचानक नाहीसा व्हायचा. कधी अर्धा अहवाल उडायचा. सात महिने बाईंनी सांभाळून घेतलं. मग सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघू, त्याच्या आत पुन्हा असं झालं तर तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

तिनं हे घरी सांगितलं. "एकदा उघडून बघा ना."

"उघडून काय बघायचं? मीच बसवलाय तो. दोष मशीनमधे नाही, वापरण्यात आहे. मी बाराशे लोकांना हेच सांगतो आणि बाराशे लोक हेच म्हणतात, आमचं काही चुकलं नाही."

"मी तुम्ही म्हणालात ते सगळं केलं."

"सगळं केलं असतंस तर बंद पडला नसता."

ती उठून भांडी आवरायला गेली. महिना संपायला अकरा दिवस होते.

पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, हेडमास्तर एका प्राध्यापकांना शहाणं करत होते. काउंटरवर पांढरा कागद, कागदावर प्राध्यापकांच्या घरातलं मांजर, म्हणजे निदान अर्धं मांजर भरेल एवढे केस. शेजारी तो विमा एजंट, नव्या कीबोर्डची वाट बघत. प्राध्यापकांनी विचारलं की पुन्हा तापायला लागला तर घरी ओळखायचं कसं.

"कडेच्या फटीपाशी हात धरा," हेडमास्तर म्हणाले. "गरम हवा येत असेल तर आतला कारभार ठीक चाललाय, नुसती धूळ साफ करा. हवाच येत नसेल तर पंखा गेला. आणि मशीन तापलंय पण हवा गार येतेय, तर समजा आतली तांब्याची पट्टी चिपला नीट टेकत नाही. मग कुणा गाढवानं ती बसवली ते शोधा."

प्राध्यापकांनी हे खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. तेवढ्यात दारातून हेडमास्तरांची बायको आत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप. ती आली आणि एजंटाच्या मागं उभी राहिली.

"काय गं? डबा तर आणलाय मी."

"रांगेत आहे," ती म्हणाली.

"घरी सांगायचंस की."

"घरी तुम्ही उघडत नाही."

एजंटानं लगेच बाजूला होऊन तिला पुढं घातलं. हेडमास्तरांना आधी राग आला. मग त्यांनी दोघा गिऱ्हाइकांकडं पाहिलं आणि त्यांना बरंच वाटलं. होऊन जाऊ दे चारचौघांत. घरी सांगून जी समजत नाही ती इथं कागदावर बघून समजेल. त्यांनी मांजराचे केस टोपलीत झटकले, नवा कोरा कागद अंथरला आणि शाळेतल्या तपासणीसाचा आवाज काढला.

"बोला बाई. लॅपटॉप ठेवता कुठं?"

एजंट हसला. ती हसली नाही. "टेबलावर. मागं ठोकळे लावून. पडदा ओढून, चार्जर काढून. एकच खिडकी उघडून. केस कापून." हे शेवटचंही ती त्याच सुरात म्हणाली. एजंटाचं हसू आपोआप ओसरलं.

"आणि हवा कशी येते?" प्राध्यापकांनी विचारलं. ताजं ताजं शिकले होते ना.

"गार."

प्राध्यापकांनी चिठ्ठी काढली. "मास्तर, मग हे तिसरं. पट्टी टेकत नसेल."

"तुम्ही चिठ्ठी ठेवा खिशात," हेडमास्तर म्हणाले आणि लॅपटॉप पालथा घातला.

अकरा स्क्रू काढले. पाठीचं झाकण उचललं. पंखा सुटा केला आणि कागदावर आपटला. काही पडलं नाही. पुन्हा आपटला, जरा जोरात. कागद होता तसा पांढरा. तिसऱ्यांदा त्यांनी तो असा काही आपटला की एजंट म्हणाला, मास्तर, मोडेल. पंख्याच्या पात्यांवर चिमूटभर धूळसुद्धा नव्हती. केस नव्हता. एकही केस नव्हता. हेडमास्तरांनी भिंग लावून बघितलं, जणू तो असायलाच हवा होता आणि मुद्दाम लपून बसला होता.

मग त्यांनी तांब्याची पट्टी उचलली.

पट्टीच्या खालच्या अंगाला, चिप जिथं टेकते तिथं, एक पारदर्शक प्लॅस्टिकची चकती होती. नव्या पट्टीला ती लावूनच येते, हात लागून खराब होऊ नये म्हणून. बसवायच्या आधी सोलून काढायची असते. तिला धरून ओढायला एक निळं शेपूटही असतं, आंधळ्यालाही दिसेल असं. ते शेपूट तसंच होतं. चकती उष्णतेनं तपकिरी होऊन सुरकुतली होती. आठ महिने चिप त्या प्लॅस्टिकच्या आत कोंडून भाजत होती, आणि आठ महिने पंखा बिचारा रिकामा फिरत होता.

हेडमास्तरांना तो सुट्टीचा दिवस आठवला. जेवणाचं टेबल. डाव्या कानाला फोन. पलीकडं कुणीतरी गिऱ्हाईक, आणि हे वीस मिनिटं त्याची खरडपट्टी काढत होते, की लक्ष कुठं असतं तुम्हा लोकांचं. एका हातानं खरडपट्टी, दुसऱ्या हातानं पट्टी. त्यांनी झटकन अंगठा त्या चकतीवर ठेवला.

"काय आहे ते?" एजंटानं वाकून विचारलं.

माणूस किती खाली जाऊ शकतो बघा. समोर सख्खी बायको उभी, कापलेल्या केसांची. खरं बोलायला दोन शब्द पुरे होते.

"कंपनीचा निष्काळजीपणा," हेडमास्तर म्हणाले. "आतलं प्लॅस्टिक काढायलाच विसरलेत. हल्ली काम नीट करायचंय कुणाला?"

"खरं आहे," एजंट म्हणाला. प्राध्यापकांनी चिठ्ठी पुन्हा बाहेर काढली. ती काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडं बघत होती, आणि ते चिमट्याकडं.

पुढचं काम त्यांनी मान वर न करता केलं. चकती सोलली, जुना चिकटा पुसला, चिपवर पेस्टचा थेंब ठेवला, पट्टी दाबून बसवली, चारही कोपऱ्यांचे स्क्रू तिरपे एकाआड एक आवळले. मशीन चालू केलं आणि त्याच्यावर जितकं ओझं टाकता येईल तितकं टाकलं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. पंखा संथ घुमत होता. तिनं कडेच्या फटीपाशी हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. गरम हवा येत होती.

हेडमास्तरांच्या जिवात जीव आला. आवाजही परत आला. "घे. आता दिवसभर चालव. जा, पर्यवेक्षक बाईंना सांग, आता मीटिंगमधून उठणार नाही म्हणावं."

"काम सोमवारीच गेलं," ती म्हणाली.

"सोमवारी? महिनाअखेरीपर्यंत होतं ना?"

"सोमवारी पुन्हा बंद पडला. बाईंनी संध्याकाळी फोन केला."

"मग आज हा कशाला आणलास?"

"मला बघायचं होतं, माझं काय चुकत होतं ते."

ती लॅपटॉप पिशवीत भरायला लागली. घाई नव्हती तिला. आधी वायर गुंडाळली, मग झाकण मिटलं. हेडमास्तर पुन्हा म्हणाले, "अगं, कंपनीनंच जर..." आणि तो कोरा कागद दुमडायला लागले.

"फोनवर त्या फार चांगलं बोलल्या," ती म्हणाली. ती त्यांच्याशीच बोलत होती, पण दुकानात सगळ्यांना ऐकू जात होतं. "म्हणाल्या, तुमचं काम मला सोडवत नाही. तुमचं मशीन खराब असेल तर सांगा, इथून चांगलं मशीन पाठवते, उद्यापासून चालू करा. मी म्हटलं, नाही बाई, मशीनला काही झालेलं नाही. मलाच वापरता येत नाही."

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि एजंटाला जागा करून दिली.